बाद गडी

२०१९ साल होतं आणि मी चौसष्ट वर्षांचा होतो. तोवर मला अरे-तुरे करणारी माणसं संपत आली होती. आई गेली, थोरला भाऊ गेला, वडलांचे गिरणीतले सोबती गेले. उरला एक माणूस, तोही माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. बोरीवलीतल्या एका मराठी शाळेचा ग्रंथपाल.

शाळेचं नाव लिहीत नाही. सरांचंही लिहीत नाही. ते हे वाचणार, आणि वाचून म्हणणार, आधी शुद्धलेखन बघ.

मी पुस्तकं बांधतो. बोरीवली पूर्वेला एका सोसायटीच्या जिन्याखाली माझा गाळा आहे. शाळा चौथीपर्यंत, ती पण अर्धी गावात आणि अर्धी इथे. वाचता येतं, बोट ठेवून. पण बांधणीत माझ्यासमोर कोणी उभं राहून दाखवावं. माझं पुस्तक उघडलं की सपाट पसरतं, मिटलं की ओठ मिटल्यासारखं मिटतं, आणि एका पुठ्ठ्याला धरून लोंबतं ठेवलं तरी पान हलत नाही. हे मी माझ्या तोंडाने सांगतो, कारण दुसरं कोण सांगणार.

सर पहिल्यांदा गाळ्यावर आले तेव्हा काखेत फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा होता. म्हणाले, "तू बाइंडर का?"

मी म्हटलं, केस पिकलेत माझे, दिसत नाहीत का.

"दिसतात की."

"मग तुम्ही म्हणा."

"सहावीत नाव घाल. मग म्हणेन."

मला वाटलं टिंगल करतोय. गठ्ठा परत करणार होतो. नंतर शाळेत गेलो तेव्हा बघितलं, माणूस खरंच बोलला होता. सर मोठ्यांना सगळ्यांना अरे-तुरे करत आणि पोरांना अहो-जाहो. "अहो सहावी ब, चपला बाहेर." "अहो ताई, आधी नाक पुसा, मग पुस्तकाला हात लावा." पाचवीतलं चिमुरडं दारात उभं, आणि हा साठीकडे झुकलेला गडी म्हणतोय, या, बसा, आज कुठे जायचं आपल्याला. मुख्याध्यापिका बाई त्यांच्याहून बऱ्याच लहान, पण खुर्चीचा मान असतो. त्यांना हे "अगं बाई" म्हणत. बाई पहिलं वर्षभर रागावल्या, मग सोडून दिलं. संस्थेचे कार्यवाह मात्र कधीच विसरले नाहीत. त्यांना सर एकदा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "ये, बस."

मी कारण विचारलं तर म्हणाले, "पोरांना जन्मभर तू म्हणणारे भेटणारच आहेत. एक तरी खोली असू दे."

सर मूळचे लालबागकडचे. तरुणपणी कबड्डी खेळायचे, मंडळाकडून, बरं नाव होतं म्हणे. डावा गुडघा गेला आणि खेळ सुटला. "गुडघा शाबूत असता तर पुस्तकाचं तोंड बघितलं नसतं," असं स्वतःच सांगायचे. स्टुलावर बसायचे आणि डावा पाय सरळ करून कपाटाच्या खालच्या फळीवर टाकायचे. खिशात कायम शेंगदाणे. पुस्तक देताना मांडीवर थाप मारायचे, चढाईला निघाल्यासारखी, आणि मग पोराच्या हातात द्यायचे. नवीन पोरं दचकायची. जुनी पोरं आपणही मांडीवर थाप मारून घ्यायची.

कपाटं दोन. एक चढाईचं, एक पकडीचं. चढाईची पुस्तकं म्हणजे जी तुम्हाला दुसऱ्याच्या अंगणात घेऊन जातात. प्रवास, समुद्र, जंगल, दुसऱ्या मुलखातली माणसं. पकडीची म्हणजे जी घोटा धरतात आणि सोडत नाहीत. कुठलं पुस्तक कुठे जाणार हे सर वाचून ठरवायचे. एकदा तपासणीला साहेब आले, त्यांनी विचारलं, वर्गीकरण कुठल्या पद्धतीचं. सरांनी त्यांना चढाई आणि पकड समजावून सांगितली, गुडघा दुखत असताना उभं राहून. साहेबांनी शेरा काय लिहिला ठाऊक नाही. जाताना पकडीतलं एक पुस्तक मागून घेऊन गेले आणि ते काही परत आलं नाही.

खोलीत शांतता पाळायची पाटी नव्हती. सर म्हणत, वाचनालय आहे हे, स्मशान नव्हे. तिथे मोठ्याने वाचायचं, आणि दम धरून. एक श्वास घ्यायचा आणि तो सुटेपर्यंत वाचत जायचं. दम तुटला की थांबायचं, तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारायची, पुढच्याने तिथून उचलायचं. म्हणून त्या शाळेच्या पुस्तकांच्या कडा रेघोट्यांनी भरलेल्या. मी एकदा त्या खोडरबराने पुसून, पुस्तकं चकाचक करून आणून दिली. वाटलं, खूश होतील. चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "मैदानावरची पावलं पुसतो का कोणी?"

कोरं परत आलेलं पुस्तक त्यांना आवडायचं नाही. "आमटीचा डाग नाही, पान दुमडलेलं नाही. अहो, तुम्ही वाचलंत की देवघरात ठेवलंत?" यावर माझं आणि त्यांचं जन्माचं भांडण. मी म्हणायचो, पुस्तक जपायचं असतं. ते म्हणायचे, तुझी बायको पण जपून कपाटात ठेवली होतीस का. माझी बायको हे ऐकून हसली होती, म्हणून मी काही बोललो नाही.

आता ते मनोरीला असतात, बहिणीच्या घरी. मार्व्याहून होडीने पलीकडे जावं लागतं. महिन्या-दोन महिन्यांनी जातो मी. ओसरीवर पाय लांब करून बसलेले असतात, आणि मासळी विकून परतणाऱ्या बायांना थांबवून पेपर वाचायला लावतात, एका दमात. त्या त्यांना वेडा म्हणतात आणि थांबतात.

आता बाद म्हणजे काय ते सांगतो. तिथूनच सगळं झालं.

खिळखिळं झालेलं पुस्तक इतर शाळांत बाद होतं, म्हणजे रद्दीत जातं. सरांच्या खोलीत खिडकीशी एक बाक होता आणि त्याच्यापुढे जमिनीवर खडूची रेघ. फाटलेलं पुस्तक त्या रेघेपलीकडे बाकावर जाऊन बसायचं. सर म्हणत, "कबड्डीत बाद झालेला गडी घरी जातो का रे? रेषेबाहेर बसतो. आपल्यातल्या कोणी समोरचा गडी मारला की पुन्हा आत. बाद म्हणजे मेलेला नव्हे, बसलेला." मे महिन्याच्या सुट्टीत मी जायचो, बाकावरचे सगळे उचलायचो, महिनाभर गाळ्यात बसून शिवायचो. जूनमध्ये घेऊन गेलो की सर एकेक हातात घेऊन म्हणायचे, जिवंत. आणि कपाटात.

त्या वर्षीच्या मेमध्येही मी तसंच काम केलं. त्यात कोकणातल्या गोष्टींचं एक जुनं पुस्तक होतं. आमच्याकडचं, मालवणीत बोलणाऱ्या माणसांचं. त्यात नातू कैक वर्षांनी मुंबईहून गावी येतो. म्हातारी आजी पडवीत बसलेली, डोळ्यांनी अधू. पावलांवरून ओळखते आणि म्हणते, "इलंस रे, रांडेच्या?"

शब्द लिहिला आहे मी. कोणाला काढायचा असेल तर काढा. पण आमच्या मुलखात तो शिवी म्हणून जितका वापरतात त्याहून जास्त माया म्हणून वापरतात. माझी आई मला दुसरं काही म्हणत नसे. ज्या दिवशी तिने मला नावाने हाक मारली, त्या दिवशी मी समजलो की आज आपलं काही खरं नाही.

पावसाळ्यात सहावीतल्या एका मुलीने ते पुस्तक घरी नेलं. तिला ती आजी फार आवडली. बाप संध्याकाळी बँकेतून घरी आला तर ही दारात उभी राहून म्हणाली, "इलंस रे, रांडेच्या?"

माणसं देशावरची. त्यांच्याकडे त्या शब्दाला मायाबिया काही नाही. आणि आत पाटावर बसली होती त्या बापाची आई. विधवा बाई. ऐन तारुण्यात नवरा गेला, शेतावर राबून तिने या मुलाला शिकवला, आणि सासरच्या भाऊबंदांनी तिला हाच शब्द ऐकवत घराबाहेर काढली होती. तिने तो शब्द नातीच्या तोंडून ऐकला, तिच्या मुलाला उद्देशून, तिच्याच घरात. बाई ताटावरून उठली. दोन दिवस जेवली नाही.

बापाने त्या पानाचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी शाळेत आला. मी योगायोगाने तिथेच होतो, एका नकाशाला कापड लावायचं होतं. माणूस सभ्य. आवाज चढवला नाही. मी त्याला सांगायला गेलो की आमच्याकडे हा शब्द कसा वापरतात. तो म्हणाला, "काका, तुमच्याकडे असेल. माझी आई अजून माझ्या मुलीच्या हातचं पाणी घेत नाहीये."

मी परत नकाशाकडे वळलो.

सरांनी त्याला स्टूल दिलं. म्हणाले, "माझा इथे एक नियम आहे. ज्याला गडी बाद करायचा त्याने ते पान दम न तोडता वाचून दाखवायचं. दम तुटला तर गडी जिवंत, तू बाद. नाही तुटला तर मी स्वतः उचलून रेघेपलीकडे ठेवीन."

मला वाटलं, हा आता चिडून जाणार. तो गेला नाही. छाती भरून श्वास घेतला आणि वाचायला लागला. आजी पडवीत बसलेली, पावलांचा आवाज, तो शब्द, मग ती नातवाच्या तोंडावरून हात फिरवते आणि त्याची दाढी वाढलीय म्हणून रडते, तिथपर्यंत. त्याला मालवणी नीट येत नव्हती, पण अडखळला नाही. शेवटच्या ओळीला मान लाल झाली होती. पुस्तक मिटून म्हणाला, "चांगलं लिहिलंय. मला माझी आईच दिसली. पण सर, तिला हे मी कसं सांगू?"

सरांनी गुडघा चोळला. मग उठले, पुस्तक त्याच्या हातून घेतलं आणि लंगडत जाऊन बाकावर ठेवलं.

"दम तुटला नाही. गडी बाद."

मी नंतर त्यांच्याशी भांडलो. म्हटलं, आमच्या मुलखाचं पुस्तक तुम्ही त्या माणसाच्या आईपायी बाहेर बसवलंत. ते म्हणाले, "नियम मी केलाय. हरल्यावर मोडायचा असेल तर कशाला करायचा? शिवाय म्हातारी जेवू दे. मग घेऊ आत."

म्हातारी जेवली. मुलीच्या हातचं पाणीही घ्यायला लागली. पण तोवर ग्रुपवर बाकीचे जागे झाले होते. एक पुस्तक निघतं, तर दुसरं का नाही? कोणाला मुलींच्या पाळीबद्दलचं पुस्तक नको होतं. कोणाला विहिरीवर पाणी भरू न दिलेल्या पोराची गोष्ट नको होती, शाळेत जात कशाला आणायची म्हणून. एका गोष्टीत पोरं देवाला विचारतात, तुझ्या दाराला कुलूप का. तीही नको. सर प्रत्येकाला निरोप पाठवत, ये, दम धरून वाच, बाद करतो. एकही आला नाही. आले ते कार्यवाह.

कार्यवाह म्हणाले, वाचायची काही गरज नाही, तक्रार आली तेवढं पुरे. सर म्हणाले, वाचल्याशिवाय बाद नाही. कार्यवाहांनी शिपायाकडून पुस्तकं काढून त्याच बाकावर लावली. बाक भरला. कपाटात दात पडल्यासारख्या फटी दिसायला लागल्या.

पण पुस्तकं शाळेच्या खोलीतून कायमची हलवायची तर कारण द्यावं लागतं. आक्षेपार्ह म्हणून काढली असं झालं तर कोणी पेपरवाला येऊन उभा राहील, याची कार्यवाहांना धास्ती. जीर्ण म्हणून काढली तर कोण विचारतंय. अडचण एवढीच की हीच बहुतेक पुस्तकं मी मेमध्ये नवी बांधून दिली होती आणि शाळेने बिल चुकतं केलं होतं. पाच महिन्यांत जीर्ण कशी झाली? म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी शाळा समितीच्या सभेत बाइंडरला बोलवायचं ठरलं. बाइंडरने दुरुस्तीपलीकडे गेलीत असं सांगितलं तर रद्दी. चांगली आहेत म्हटलं तर पुढील निर्णय होईपर्यंत ऑफिसातल्या लोखंडी कपाटात.

सभेच्या आदल्या संध्याकाळी सर गाळ्यावर आले. मला वाटलं, हिंमत द्यायला आलेत. कागदी पुडीतले शेंगदाणे पुढे केले आणि म्हणाले, "उद्या सांग, जीर्ण आहेत."

मी हातातलं दाभण खाली ठेवलं.

ते म्हणाले, त्या लोखंडी कपाटात आधीच्या मुख्याध्यापकांनी एक पेटी ठेवली होती, पुढील निर्णय होईपर्यंत. वाजवायची पेटी. आता तिच्यात उंदीर व्यालेत. त्या कपाटात गेलेलं काही बाहेर येत नाही. रद्दीत गेलं तर मात्र ते शाळेचं नाही, संस्थेचं नाही, कार्यवाहाचं नाही. बाकावर बसलेल्या गड्याकडे पंच बघत नसतो. "सकाळी रद्दीवाला यायच्या आधी तू गेटवरून उचल. इथे फळीवर मांड. शाळा सुटली की पोरं याच रस्त्याने जातात."

डोकं होतं त्या माणसाला. पण मी म्हटलं, जमणार नाही.

"का?"

"माझी बांधणी पाच महिन्यांत जीर्ण झाली असं मी चार माणसांत सांगू? माझ्या तोंडाने?"

"तुझं नाव मोठं की पुस्तक?"

"माझं नाव," मी म्हटलं. "पुस्तकं दुसरी छापतील."

सर वाद घालतील असं वाटलं होतं. घातला नाही. "मग उद्या काय सांगणार?"

"आहे ते. बांधणी पक्की."

"बरं," म्हणाले. उरलेली पुडी माझ्या फळीवर ठेवून गेले. मी ती खाल्ली नाही.

सभेला मी धुतलेला सदरा घालून गेलो. काय सांगायचं ते माझं पक्कं होतं. टेबलावर पुस्तकांचा ढीग होता, कोकणातल्या आजीचं पुस्तक सगळ्यात वर. टेबलाभोवती समितीची माणसं, शिकलेली. मुख्याध्यापिका बाई माझ्या उजव्या हाताला. सर खिडकीशी, पाठ अर्धी आमच्याकडे, गुडघ्यावर हात. त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी हट्टालाच पेटलो असतो.

मला काही विचारायच्या आधी कार्यवाहांनी वरचं पुस्तक उचललं. उघडलं, सपाट पसरलं. पुठ्ठे धरून ओढून बघितलं. एका हाताने लोंबतं धरलं. पान हललं नाही.

"वा," म्हणाले. "आजोबा, अशी बांधणी आता बघायला मिळत नाही. हात लावून बघा सगळ्यांनी." पुस्तक टेबलावरून हातोहात फिरलं. एकाने पाठीवरून बोट फिरवलं, एक म्हणाला, माझ्या वडलांच्या पोथीची अशी होती.

पन्नास वर्षं मी हे काम करतोय. गिऱ्हाईक येतं, किती झाले विचारतं, जातं. कोणी शिकलेल्या माणसाने माझं पुस्तक हातात घेऊन असं बोलावं, ते चार माणसांत बोलावं, याची मी किती वाट बघितली ते माझं मला ठाऊक. ऐकताना कान तापले.

आणि कार्यवाह हसत म्हणाले, "मग याला जीर्ण कसं म्हणायचं? शंभर वर्षं टिकतील. बाई, लोखंडी कपाटाची चावी मागवा."

बाईंनी शिपायाला हाक मारायला मान वळवली.

मी म्हटलं, "साहेब, बांधणी कच्ची आहे."

कार्यवाहांना वाटलं मी लाजून बोलतोय. मी पुन्हा सांगितलं. चिकटवायची खळ नासकी होती. दोरा जुना, ओलसर जागेत पडलेला. वरून दिसत नाही, आतून गेलंय. सगळ्यांचंच तसं. दुरुस्तीपलीकडे.

"आतून गेलंय तर उघडून दाखवा," कार्यवाह म्हणाले आणि पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

मी दोन्ही पुठ्ठे धरून मागे वाकवले. गेलं नाही. अंगठे पाठीवर ठेवून जोर केला. गेलं नाही. माझीच शिलाई, माझ्याच हाताला दाद देईना. सगळे बघत होते. बाइंडरच्या खिशात पातं असतंच. ते मी सदरा नीट केल्यासारखं करून मुठीत घेतलं, पाठीच्या कापडाखाली सारलं आणि दोरे एकेक करून कापले. मग ओढलं. पुस्तक फाटताना आवाज होतो, ओला फणस फोडल्यासारखा. फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या घड्या, सुटून टेबलावर पसरले.

बाई माझ्या उजव्या हाताला होत्या. त्यांनी पातं बघितलं. माझ्या तोंडाकडे बघितलं. मग पेन उघडून म्हणाल्या, "जीर्ण. लिहून घेते. उद्या सकाळी रद्दीवाल्याला बोलावते, तोवर गेटपाशी ठेवू."

कार्यवाह मात्र तापले. आम्ही पैसे कशाचे मोजले मग? वर्षानुवर्षं असंच फसवत होतात का? मी म्हटलं, चूक झाली. ते म्हणाले, "वय झालं की हात ऐकत नाहीत. माणसाने आपणहून थांबावं. बाई, शाळेचं काम पुन्हा या माणसाकडे जाता कामा नये."

मी ऐकून घेतलं. ज्या माणसाने आयुष्यात सख्ख्या भावाचं ऐकून घेतलं नाही त्याने ऐकून घेतलं. नमस्कार केला आणि बाहेर आलो.

सरांनी जिन्यात गाठलं. एरवी ते कठडा धरून उतरतात. त्या दिवशी माझा दंड धरला. एक मजला आम्ही उतरलो. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बोलले.

"वाकडं कापलंस. शेवटचा फर्मा चिरला."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," मी म्हटलं.

"चिरला रे. मी बघितलं."

खाली येईपर्यंत आम्ही त्यावरच भांडत होतो. गेटवर त्यांनी माझा दंड सोडला आणि घराच्या बाजूला वळले. लंगडणं त्या दिवशी जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेची घंटा व्हायच्या आधी हातगाडी घेऊन गेटवर गेलो. शिपायाने गठ्ठे दाखवले आणि तोंड दुसरीकडे केलं. गाडी भरून गाळ्यावर आणली आणि पुस्तकं बाहेरच्या फळीवर मांडत होतो, रस्त्याकडे तोंड करून, तेवढ्यात एक वकील आले. त्यांच्या ऑफिसच्या कायद्याच्या पुस्तकांचं काम माझ्याकडे होतं, बऱ्याच वर्षांपासून होतं. त्यांचा नातू त्याच शाळेत. मोबाइल हातातच होता. पालकांच्या ग्रुपवर आलं होतं, बांधणी निकृष्ट निघाल्याने पुस्तकं काढून टाकावी लागली.

ते खरोखर अवघडले होते. म्हणाले, मी तुम्हाला इतकी वर्षं ओळखतो, मला पटत नाही, म्हणून विचारायला आलो. तुम्ही नाही म्हणालात तर मी आत्ता तिथे लिहून टाकतो. खरं आहे का हे?

फळीवर माझी पुस्तकं होती. कुठलंही एक उचलून त्यांच्या हातात दिलं असतं तर मला बोलायचीही गरज नव्हती.

"खरं आहे," मी म्हटलं. आत जाऊन त्यांची पुस्तकं काढली, त्यांवरची धूळ झटकली, नव्या सुतळीने गठ्ठा बांधला आणि त्यांच्या गाडीपर्यंत नेऊन दिला.